मार्सेल्स लॉकचं मॉडेल: पहिले नऊ बार्ज वर चढले

लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाजं वर-खाली नेणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली जागा. माझ्या १:२०० मापाच्या लॉकमध्ये अखेर नऊ बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, एकत्र वर चढले. टगने, म्हणजे ढकलणाऱ्या बोटीने, ढकलत आत नेले, दरवाजे मिटले, पाणी चढलं आणि सगळे बार्ज सरळ रेषेत राहिले. यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मार्सेल्स लॉक अमेरिकेत, इलिनॉय वॉटरवेवर आहे. हा जलमार्ग १९३३ मध्ये खुला झाला. नदीच्या खळाळत्या उताराला बगल देणारा एक कालवा इथे आहे आणि त्याच्या खालच्या टोकाला हे लॉक. चेंबर, म्हणजे दरवाजांमधली जागा, ६०० फूट लांब, ११० फूट रुंद, चढ सुमारे २४ फूट. इथून जाणारा मोठा काफिला पंधरा बार्जचा असतो: तीन रांगा, प्रत्येकीत पाच. एक बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद. म्हणजे तीन शेजारी लावले की १०५ फूट झाले, भिंतीपासून दोन्हीकडे उरले जेमतेम अडीच फूट! लांबीला तर काफिला मावतच नाही. मग तो मधेच तोडायचा, आधी नऊ बार्ज चढवायचे आणि नंतर उरलेले सहा टगसकट. मला या लॉकचं वेड लागलं ते या दोन खेपांमुळेच.

मॉडेलमध्ये ते अडीच फूट म्हणजे चार मिलिमीटरही नाहीत. टग नऊ बार्ज आत ढकलते तेव्हा त्यांनी व्यापलेल्या जागेतलं पाणी बाहेर पडावं लागतं. त्याला वाट फक्त बाजूच्या फटीतून आणि तळाखालून. घाई केली की पुढे पाणी तुंबतं आणि काफिला अडतो. खऱ्या लॉकमध्येही कॅप्टन अगदी मुंगीच्या पावलाने आत शिरतो, ते का, हे टबात बघताना नीट कळतं. मापात न बसणारी एक गोष्ट म्हणजे पाण्याचा पृष्ठताण. बार्ज भिंतीजवळ गेला की चिकटून बसायचा. फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे काही थेंब पाण्यात टाकले आणि चिकटणं जवळजवळ थांबलं. साबणाच्या पाण्याने फेस होतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दरवाजे व्ही आकाराचे आहेत, टोक वरच्या पाण्याकडे. प्रत्येक पल्ला ८.८५ सेंटिमीटर. खऱ्या लॉकमध्ये पाण्याचा दाबच पल्ले एकमेकांवर घट्ट बसवतो. इथे पाण्याची उंची पावणेचार सेंटिमीटरही नाही, तेवढ्या दाबावर विसंबून चालत नाही. उंबरठ्यावर आणि पल्ले जिथे भेटतात तिथे मऊ रबराची पट्टी लावली आहे. थोडा पाझर आहे, पण तो खऱ्या दरवाजांनाही असतोच.

पाणी भरण्याचं गणित मात्र फार गोड जमलं. खरं चेंबर भरायला १५ मिनिटं धरली, तर मॉडेलमध्ये वेळ मापाच्या वर्गमुळाने भागायचा. २०० चं वर्गमूळ १४.१, म्हणजे जेमतेम ६४ सेकंद. तेवढ्यात साडेपाच लिटरहून जास्त पाणी आत यायला हवं. दोन्ही भिंतींच्या पोटात १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची एकेक नळी घातली आणि तळालगत बारीक भोकं पाडली. दोन्ही नळ्यांचा प्रवाह सारखा हवा, नाहीतर बार्ज एका बाजूला ओढले जातात आणि ते बांधलेल्या दोऱ्यांवर ताण येतो. झडप आधी किंचितच उघडायची, पाणी थोडं चढलं की पूर्ण.

बार्जच्या वजनाकडे मी मुद्दाम लक्ष दिलं. एका बार्जमध्ये साधारण १,३६० टन माल मावतो, त्याचे मापात १७० ग्रॅम होतात. तेवढ्या शिशाच्या गोळ्या तळाशी पसरून भरल्या. रिकामे बार्ज पाण्यावर नुसते उडतात, भरलेले मात्र जडपणे थांबतात आणि जडपणेच निघतात. हे वजन टाळू नका, बघण्यातली निम्मी मजा त्यातच आहे.

आता पुढचं काम विंचचं, म्हणजे केबल गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचं. पहिल्या खेपेचे नऊ बार्ज वर पोहोचतात तेव्हा टग खालीच राहिलेली असते. त्यांना चेंबरबाहेर काढते ती भिंतीवरची विंच, केबलने ओढून. बाहेर काढून ते भिंतीलगत बांधायचे, चेंबर रिकामं करायचं, मग उरलेले सहा आणि टग वर आणायची. यासाठी गिअर लावलेली छोटी मोटर आणि वेणी घातलेला मासेमारीचा दोरा घेतला आहे, कारण तो ताणला जात नाही. सुटताना झटका बसू नये म्हणून मोटरचा वेग शून्यापासून हळूहळू चढवणारं सर्किट जोडतो आहे. तुमच्यापैकी कुणी एवढ्या लहान ड्रमवर दोरा एकसारखा गुंडाळून दाखवला असेल, तर त्याची रचना मला हवीच आहे.