बोटांत मुरलेला विम आणि परका कीबोर्ड

जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीवर रुजू झालात की पहिल्या दिवशी कंपनीचा लॅपटॉप हातात येतो. विम (अक्षरांच्या कींनीच आज्ञा द्यायचा टेक्स्ट एडिटर) उघडता, ओळ कॉपी करायला सवयीने वाय वाय दाबता, आणि कॉपी व्हायच्या ऐवजी ती ओळ नुसती सरकून पडद्याच्या मध्यावर येते. मग पी दाबला की कधीचं तरी जुनं काहीतरी चिकटतं. विम बिघडलेला नसतो. इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलटसुलट असतात, आणि विममध्ये मुरलेला माणूस अक्षर वाचून की दाबत नाही, तो जागा दाबतो. एका माणसाने घडवलेलं हत्यार आपल्या हातात किती खोल गेलंय, ते देश बदलला की कळतं.

(आज्ञा आणि की यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर अर्थातच रोमन अक्षरं टाइप करायची.)

या जागा ठरल्या कशा, ते आधी बघू. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत विमचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर लिहिला, तो एडीएम-३ए या टर्मिनलवर (संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड). त्याच्या कीबोर्डवर बाणांची चिन्हं एच, जे, के, एल याच कींवर छापलेली होती. एस्केप होती आज टॅब असते तिथे, कंट्रोल होती आज कॅप्स लॉक असते तिथे, आणि कोलन शिफ्टशिवाय निघायचा. घरून काम करताना जॉयकडे ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी गुणिले ८० अक्षरं, म्हणजे १९२० अक्षरांचा भरलेला पडदा पुन्हा रंगवायला ६४ सेकंद. म्हणून आज्ञा एकदोन अक्षरी, म्हणून ‘तीन शब्द पुसा’ हे ३ डी डब्ल्यू एवढ्यात आटोपतं.

तरीही तो वारसा आपल्यापर्यंत आणला तो ब्राम मोलेनार या डच अभियंत्याने. व्हीआयमध्ये जुन्या एडिटरचा कोड होता आणि त्याच्यासोबत एटीअँडटीच्या परवान्याची अडचण होती, त्यामुळे इतर मशीनांवर लोक त्याच्या नकला लिहीत. अशाच ‘स्टीव्ही’ नावाच्या नकलेवरून मोलेनारने १९८८ मध्ये आपल्या अमिगा संगणकासाठी काम सुरू केलं. १९९१ मध्ये आवृत्ती १.१४ लोकांपर्यंत गेली. विम या नावाचा अर्थ आधी ‘व्हीआयची नक्कल’ असा होता, पुढे ‘सुधारलेला व्हीआय’ झाला. १९९८ च्या ५.० मध्ये कोड रंगीत दिसू लागला, २०१० च्या ७.३ मध्ये फाइल बंद करून उघडली तरी अनडू टिकायची सोय आली. २००६ ते २०२१ तो झुरिकला गूगलमध्ये होता. ३ ऑगस्ट २०२३ ला तो गेला, तोवर मुख्य कोडमध्ये काय जाणार हे जवळजवळ एकट्याच्या हातात होतं. लोक रंग आणि प्लगइनांचं कौतुक करतात. त्याहून मोठी गोष्ट त्याने न केलेल्या बदलांची आहे: तीस वर्षं नवं घालत राहिला, पण १९७६ ची बोटं कुठे अडखळू दिली नाहीत.

आणि मग ती बोटं जर्मन कीबोर्डवर येतात.

एच, जे, के, एल जागेवरच असतात, तेवढा दिलासा. बाकी चौकोनी कंस ऑल्टजीआर (स्पेसच्या उजवीकडची ऑल्ट) धरून ८ आणि ९ वर, महिरपी कंस ऑल्टजीआरसह ७ आणि ० वर. शोधायची तिरकी रेघ शिफ्ट ७. मॅक्रो (नोंदवून ठेवलेल्या आज्ञांची मालिका) चालवायचा ‘अ‍ॅट’ ऑल्टजीआर क्यू. ओळीच्या पहिल्या अक्षरावर नेणारी टोपी ही डेड की असते, म्हणजे ती दाबल्यावर काहीच होत नाही, पुढे स्पेस दाबली तरच उमटते. स्विस-जर्मन कीबोर्ड आणखी वेगळा: तिथे ‘अ‍ॅट’ ऑल्टजीआर २ वर, आणि कंस उजव्या हाताच्या उमलाऊटवाल्या (वर दोन टिंबं असलेल्या अक्षरांच्या) कींच्या आसपास. बर्लिनमध्ये बसवलेला हात झुरिकला पुन्हा बसवावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो कंट्रोल वायने. पडदा एक ओळ वर सरकवायला ती दाबायला जाता आणि दाबली जाते कंट्रोल झेड. विम क्षणात नाहीसा, समोर नुसता शेल, म्हणजे आज्ञा लिहायची ओळ. नवखा माणूस समजतो, एडिटर कोसळला. तो तीच फाइल पुन्हा उघडतो आणि ई३२५ ची लांबलचक सूचना येते: स्वॅप फाइल (सेव्ह न केलेल्या बदलांची विमने ठेवलेली नोंद) सापडली. घाईत ‘आर’ दाबून रिकव्हर करू नका. सूचनेत प्रोसेस आयडीपुढे ‘अजून चालू आहे’ अशा अर्थाचे शब्द इंग्रजीत आहेत का ते वाचा. असतील तर क्यू दाबून बाहेर पडा आणि शेलमध्ये एफ जी लिहा; पहिला विम होता तिथून परत येतो, काहीही हरवलेलं नसतं. ते शब्द नसतील, उदाहरणार्थ ट्रेनमध्ये नेट जाऊन सर्व्हरवरचं सत्र तुटलं असेल, तेव्हाच ‘आर’. रिकव्हर केलेला मजकूर वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइलशी डिफ (तुलना) करून बघा, आणि खात्री पटल्यावरच स्वॅप फाइल पुसा. ती पुसली नाही तर दर वेळी तीच सूचना येत राहील. स्वॅपमध्ये भर पडते २०० अक्षरं टाइप झाल्यावर किंवा ४ सेकंद काहीच टाइप न केल्यावर, त्यामुळे नुकसान झालंच तर शेवटच्या काही अक्षरांचं.

दुसरी अडचण कंट्रोल आणि बंद चौकोनी कंसाची. फंक्शनच्या व्याख्येवर उडी मारायला आणि मदतीच्या पानातले दुवे उघडायला हीच जोडी लागते. जर्मन कीबोर्डवर ती कंट्रोल, ऑल्टजीआर आणि ९ अशी होते आणि टर्मिनलपर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. लिनक्सच्या बऱ्याच टर्मिनलांत मात्र कंट्रोल ५ तोच संकेत पाठवते, आणि कंट्रोल ३ एस्केपचा. तुमच्याकडे चालते का ते असं तपासा: इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करायच्या अवस्थेत) कंट्रोल व्ही, लगेच कंट्रोल ५. टोपी आणि बंद कंस उमटला तर चालते. नाहीतर विमच्या कॉन्फिग फाइलमध्ये एनमॅप या आज्ञेने यू-उमलाऊटची की त्या जोडीला बांधा. उरलेल्या दोन उमलाऊट कींना लँगमॅप या पर्यायाने उघडा आणि बंद चौकोनी कंस द्या. लँगमॅप आज्ञांपुरताच लागू होतो, मजकूर टाइप करताना उमलाऊट उमलाऊटच राहतात.

अर्थात सगळ्यात सरळ उपाय म्हणजे लॅपटॉपची ऑर्डर जाण्याआधीच यूएस कीबोर्ड मागणे. ऑफर स्वीकारतानाच विचारा, नंतर बदलून मिळायला वेळ लागतो. ते शक्य नसेल तर छापील अक्षरांकडे दुर्लक्ष करून सिस्टिमचा लेआउट यूएस ठेवता येतो. लिनक्सवर त्यातला ‘ऑल्टजीआर-इंटल’ हा प्रकार निवडा: ऑल्टजीआरसह क्यू, पी, वाय आणि एस या कींवर चारही जर्मन अक्षरं मिळतात आणि अवतरणचिन्हं डेड होत नाहीत. एक खोच आहे. डिस्क एन्क्रिप्शनचा पासवर्ड सिस्टिम सुरू होण्याआधी विचारला जातो, तेव्हा लेआउट दुसराच असू शकतो. त्या पासवर्डमध्ये वाय, झेड आणि चिन्हं टाळा.

फ्रेंच कीबोर्डबद्दल थोडक्यात: ए आणि क्यू यांची अदलाबदल असल्यामुळे पुढे लिहायला ए दाबायला जाता आणि मॅक्रोचं रेकॉर्डिंग सुरू होतं. शिवाय आकड्यांना शिफ्ट लागते. कोलन मात्र तिथे शिफ्टशिवाय निघतो, अगदी एडीएम-३ए सारखा.

नेदरलँड्समध्ये वाटतं की आपण सुटलो, कारण इथे यूएस कीबोर्डच सर्रास मिळतो. पण सिस्टिममध्ये तो बहुधा ‘यूएस-इंटरनॅशनल’ म्हणून लावलेला असतो आणि त्यात दोन्ही अवतरणचिन्हं डेड की असतात. ए या खुणेवर जायला एकेरी अवतरण आणि ए दाबलं की दोन्ही मिळून मात्रेवाला ए तयार होतो, आणि विमला त्याचा अर्थ लागत नाही. एकतर मध्ये स्पेस दाबायची, नाहीतर डेड की नसलेला साधा यूएस लेआउट घ्यायचा. डच नावातला दोन टिंबांचा ई तरीही लिहिता येतो: इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल के, मग ई, मग कोलन. युरोचं चिन्ह हवं असेल तर कंट्रोल के, मोठा ई, छोटा यू. ही सोय विमचीच आहे, कीबोर्ड कुठलाही असो.

आणखी एक डच गंमत. एस्केप लांब पडते म्हणून जगभरचे लोक इन्सर्ट मोडमध्ये जे के ही जोडी एस्केपला बांधतात. इंग्रजीत ती जोडी जवळपास येतच नाही. डचमध्ये आय-जे-के हा शेवट पावलोपावली: बांध, कठीण, शक्य, बघ या साऱ्यांसाठीच्या शब्दांत आहे, राइस्वाइक गावाच्या नावातही आहे. डच टिपण लिहिताना मध्येच इन्सर्ट मोड सुटतो आणि पुढची अक्षरं आज्ञा म्हणून चालतात. ब्रामच्याच भाषेत अडणारी ही युक्ती इथे जे जे अशी बदलून घ्यावी.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी वेगळी काळजी. सिस्टिमचा कीबोर्ड देवनागरी करून टाइप केलं की एस्केपनंतरही देवनागरीच जाते आणि विमला एकही आज्ञा कळत नाही. सिस्टिम इंग्रजीतच ठेवा आणि विमचा कीमॅप (कुठली की कुठलं अक्षर देते याची यादी) वापरा. डॉट विम फोल्डरमध्ये कीमॅप नावाचं फोल्डर करून त्यात आपली फाइल ठेवायची. तिच्यात लोडकीमॅप हा शब्द, त्याखाली दर ओळीला दोन रकाने: डावीकडे की, उजवीकडे अक्षर. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि टोपीने लिपी बदलते (टोपी डेड असेल तिथे बऱ्याच टर्मिनलांत कंट्रोल ६ चालते), आणि एस्केप दाबताच आज्ञा आपोआप रोमनमध्ये येतात. एफ (ओळीत अक्षर शोधा) किंवा आर (अक्षर बदला) या आज्ञांनंतरचं अक्षर मात्र देवनागरीतच घेतलं जातं, जे हवंच असतं. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटकी दिसली, कर्सर एखादं घर पुढेमागे वाटला तर घाबरू नका. टर्मिनल अक्षरांना चौकटीत बसवतं म्हणून तसं होतं, फाइलमधला मजकूर शाबूत असतो.

हे सगळं एका आठवड्यात बसवायला जाऊ नका. मोलेनार स्वतः सांगायचा की जिथे वेळ वाया जातो ती एकच जागा हेरा, तिथली जलद रीत शोधा, आणि हातात बसेपर्यंत तीच वापरा. नव्या कीबोर्डवर पहिला आठवडा वाय-झेडला द्या, कंस नंतर.

विमची किंमत त्याने कधी लावली नाही. १९९४ मध्ये तो युगांडाच्या दक्षिणेकडे किबाले इथल्या मुलांच्या केंद्रावर वर्षभर पाणी आणि स्वच्छतेच्या कामावर होता, आणि पुढे परवान्यातच विनंती आली: हवा तेवढा वापरा, वाटा, जमलं तर तिथल्या गरजू मुलांना मदत करा. वर्षानुवर्षं विम वापरणाऱ्या पुष्कळांनी ती ओळ पाहिलेली नसते, कारण फाइलचं नाव न देता विम उघडला तरच ती पडद्यावर येते. फाइल उघडी असताना बघायची तर कोलन, मग इंट्रो. सविस्तर माहितीला कोलन हेल्प युगांडा. पैसे पाठवायचे असतील तर विमच्या ताज्या आवृत्तीतलं पान वाचा. वितरणासोबत आलेली प्रत जुनी असू शकते.