एका लॅपटॉपवर दोन पायथन : तिसरी नोंद

खानापुरात आषाढाचा पाऊस धो धो लागलाय आणि सकाळपासून लाईट चारदा गेली. तरी काम पुढं सरकलं, म्हणून आजच लिहून ठेवतोय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमच्या वाचनालयाची मराठी-कानडी पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या एकाच अक्षरसंकेतात) आणायची आहे. मराठी भाग जुन्या फॉन्टात टाईप केलेला. तो उलगडणारा प्रोग्राम मित्रानं पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीत लिहिला होता, मी तो पायथन ३.१२ मध्ये लिहितोय. दोघांचं उत्तर ओळीला ओळ लावून ताडायचं, म्हणून दोन्ही पायथन शेजारी शेजारी हवेत.

ताडल्याशिवाय भागत नाही, हे 'बेळगाव' या एका शब्दावरून कळेल. डोळ्याला अक्षरं चार. पायथन ३ लांबी ६ सांगतो, कारण मात्रा आणि काना तो वेगळे मोजतो. २.७ ची साधी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) म्हणजे नुसते बाइट, साठवणीची एककं. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणून तिथं १८. जुना प्रोग्राम पुस्तकाचं नाव ६० बाइटवर कापतो. म्हणजे खरी जेमतेम वीस-बावीस चिन्हं! काल दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा उमगलं, की लांब नावांची शेपटं इतकी वर्षं कापली जात होती. नव्या यादीत ती पुरी आली. फार बरं वाटलं.

आता आवृत्त्यांचं. माझ्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू २२.०४, तिचा स्वतःचा पायथन ३.१० आहे, त्याला हात लावू नका. मी 'पायथन३' हे नाव नव्या आवृत्तीकडं वळवलं होतं आणि टर्मिनलच (कमांड टाईप करायची खिडकी) उघडेना, कारण ते सुरू करणारी स्क्रिप्ट त्याच पायथनवर चालते. सगळं पूर्ववत करून पायएन्व्ह घेतलं, म्हणजे पायथनच्या अनेक आवृत्त्या शेजारी सांभाळणारं साधन. ते पाथच्या (कमांड कुठं शोधायची त्या फोल्डरांच्या यादीच्या) अगदी सुरुवातीला आपला शिम्सचा, म्हणजे छोट्या मध्यस्थ प्रोग्रामांचा, फोल्डर लावतं. 'पायथन' टाईप केलं की आधी शिम जागा होतो, चालू फोल्डरात 'डॉट पायथन-व्हर्जन' फाईल शोधतो, नसली तर एकेक फोल्डर वर चढतो आणि शेवटी ग्लोबल आवृत्ती घेतो. जुन्या प्रोग्रामाच्या फोल्डरात २.७.१८ लिहिलंय, नव्याच्या ३.१२. फोल्डर बदलला की पायथन बदलला, लक्षात ठेवायचं काही उरत नाही.

माझे दोन तास मात्र एका इशाऱ्यानं खाल्ले. पायएन्व्ह पायथन सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधतं. झेडलिब ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी नसेल तर बांधणीच थांबते, पण एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसची डेव्हलपमेंट लायब्ररी नसेल तर फक्त वॉर्निंग येते आणि काम पुरं झाल्यासारखं दिसतं. यादी मी एसक्यूलाईटमध्येच ठेवतो. पायथनमध्ये त्याचं मॉड्यूल (जोडभाग) इम्पोर्ट करायला गेलो तर सापडेना. लायब्ररी घालून ३.१२ पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागलं, आणि ऐन मध्यावर लाईट गेली. बॅटरीनं साथ दिली. बांधणी संपली की शेवटच्या ओळी नीट वाचा.

रोज रात्री यादीची प्रत काढायचं काम क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावलंय. तिथला पाथ तोकडा, शिम सापडत नाही. म्हणून 'पायएन्व्ह विच पायथन' नं खरा पत्ता काढून पूर्ण लिहिला.

पुढच्या आठवड्यात कानडी पुस्तकं घेतो. कानडी चिन्हालाही ३ बाइटच लागतात, तेव्हा तिथली नावंही कापलेली निघणार.