आधी पाटी, मग झाड

वनस्पती उद्यानात शिरलो की मी आधी पाटी वाचतो आणि मग झाडाकडे बघतो. मावशीचं नेमकं उलटं. ती झाडाला हात लावून मोकळी होते. पाटी दिसली तर दिसली.

इंग्लंडमध्ये ससेक्स भागात वेकहर्स्ट नावाची जुनी जहागीर आहे. तिथं आम्ही दोघं दिवसभर पाय तुटेस्तोवर हिंडलो. १५९० साली एडवर्ड कल्पेपरनं बांधलेला दगडी वाडा आणि भोवती शेकडो एकरांचा पसारा. १९०३मध्ये जेराल्ड लोडर यांनी ही इस्टेट विकत घेतली आणि देशोदेशीची झाडं आणून लावली. १९६५पासून लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाची मंडळी ती सांभाळतात. वाडा आम्ही पाच मिनिटांत उरकला. वाड्यासमोरच्या झाडापुढे तो तसाही फिकाच पडतो.

ते झाड म्हणजे जायंट सिकोया, पस्तीस मीटरच्या वर गेलेलं. मावशीनं सालीवर अंगठा दाबला आणि तो चक्क आत रुतला. तांबूस, तंतूतंतूंची, काथ्याच्या गादीसारखी साल. कॅलिफोर्नियातल्या त्याच्या मूळ रानात ती अर्धा मीटरपर्यंत जाड होते. वणव्यातून ही झाडं वाचतात ती तिच्याच जिवावर. मावशी हे सगळं अंगठ्यानं वाचत होती. मी पाटी शोधत होतो.

पाटीत काय असतं, तर कूळ, लॅटिन नाव, मूळ प्रदेश आणि एक नोंदणी क्रमांक. क्यूच्या क्रमांकातले पहिले चार आकडे म्हणजे झाड दप्तरी दाखल झालं ते साल. हे एकदा कळलं की पाटी सोडवत नाही.

या झाडाच्या नावाचं तर मोठं भांडण आहे. १८५३मध्ये त्याच्या बिया इंग्लंडात पोचल्या. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन आदल्याच वर्षी वारला होता, म्हणून लिंडले या वनस्पतिशास्त्रज्ञानं झाडाला ‘वेलिंग्टोनिया’ नाव देऊन टाकलं. अमेरिकनांचं पित्त खवळलं. झाड आमचं, सेनापती तुमचा! पुढे निघालं असं, की वेलिंग्टोनिया हे नाव आधीच भलत्याच एका वनस्पतीला दिलेलं होतं, आणि एक नाव दोन प्रजातींना चालत नाही. आजचं सिकोयाडेंड्रॉन हे नाव ठरलं १९३९मध्ये. इंग्रज माणूस मात्र अजून वेलिंग्टोनियाच म्हणतो.

“म्हणजे शहाऐंशी वर्षं बिननावाचंच होतं की काय?” मावशीनं विचारलं.

“नाही गं, मधे दोन-तीन नावं होऊन गेली.”

“मग बरंच आहे.”

पण पाटीचा एक दोष मला कबूल करायला हवा. ती वाचायला माणूस खोडाशी जातो आणि मुळांवर उभा राहतो. लंडनमधल्या क्यूच्या मुख्य बागेत टर्नरचा ओक म्हणून एक जुना वृक्ष आहे. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री वादळ आलं. एकट्या वेकहर्स्टमधली वीसेक हजार झाडं आडवी झाली. टर्नरचा ओक त्याच रात्री मुळांसकट उचलला गेला आणि परत जागच्या जागी बसला. हा काही जगत नाही म्हणून माळ्यांनी त्याला टेकू दिला आणि बाकीच्या पडझडीकडे वळले. तीन वर्षांनी बघतात तर हा पूर्वीपेक्षा टवटवीत! वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी माती दगडासारखी चेपली गेली होती, मुळांना ना हवा मिळत होती ना पाणी. वादळानं ती भुसभुशीत करून दिली. हल्ली तिथं हेच काम दाबाच्या हवेनं करतात. मावशीला हे सांगता सांगता मी गुपचूप दोन पावलं मागे सरकलो.

माझी बाजू सावरली ती बियांच्या पेढीनं. २०००मध्ये वेकहर्स्टच्या आवारात मिलेनियम सीड बँक उघडली. बिया वाळवून उणे २० अंशांत, जमिनीखालच्या कोठारात ठेवतात. वर काचेपलीकडे माणसं कामाला बसलेली दिसतात. हजारो जातींच्या बिया, आणि त्यातल्या कित्येक तर नुसते तपकिरी ठिपके. बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली, तर आत काय आहे ते कोण सांगणार? मावशीनं मान डोलावली. इथं अंगठ्याचं काम नव्हतं.

परतताना खडकांच्या वाटेनं आलो. वालुकाश्माच्या कड्यावर झाडं उभी आणि त्यांची मुळं दगडावरून वितळत्या मेणासारखी ओघळलेली, काही माझ्या दंडाएवढी. मावशी थबकली. एका मुळावरून बोट फिरवत खालपर्यंत गेली.

“याचं नाव काय रे?”

मी खोडाला वळसा घातला, कड्याच्या मागेही डोकावलो. पाटी कुठंच नव्हती. ती झाडं यू नावाच्या सदाहरित वृक्षाची, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मात्र मी नुसताच उभा होतो आणि मावशी दगडावर बसून बुटाची नाडी सैल करत होती.

“शोध, शोध,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”