आजोबांची १९५१ ची पिकअप : विकायची की उभी करायची?

आजोबा गेल्यावर सगळ्याच्या वाटण्या झाल्या, एक गोष्ट सोडून. शेडमध्ये अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली त्यांची शेव्हरोले ३१०० पिकअप. आम्ही तीन भावंडं आणि मतंही तीन. दादा म्हणत होता, जागा अडली आहे, गिऱ्हाईक दारात आहे, विकून मोकळं व्हावं. धाकट्याला ती कारखान्यातून बाहेर पडली तशी हवी होती, गडद हिरवी, चकचकीत. मला काय हवं आहे ते मला ठरवता येत नव्हतं. पण गाडीची अवस्था न बघताच आम्ही भांडतोय, एवढं दिसत होतं.

"मग तूच बघ आणि महिनाभरात सांग," दादा म्हणाला. महिन्याचे चार महिने झाले.

पहिलं काम कागदांचं. गाडी आजोबांच्या नावावर होती आणि वारसांच्या नावावर चढल्याशिवाय तिच्याबद्दल कुठलाच करार करता येणार नव्हता. ते कंटाळवाणं काम आधी उरकलं ते बरं झालं, कारण त्या निमित्ताने नंबर ताडून बघावे लागले. या गाडीची नंबरपट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असते आणि इंजिनाचा नंबर ब्लॉकवर, डिस्ट्रिब्यूटरजवळ ठोकलेला असतो. तारेचा ब्रश आणि रॉकेलचं फडकं घेऊन अर्धा तास घासल्यावर आकडे वर आले. दोन्ही कागदाशी जुळले. इंजिन मूळचंच होतं.

घरात सगळे तिला "अठ्ठेचाळीसची" म्हणायचे. दाराने वेगळं सांगितलं. या घडणीच्या गाड्या १९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंत निघाल्या. दाराच्या काचेपुढची छोटी त्रिकोणी खिडकी १९५१ पासून आली आणि १९५२ पासून खाली फिरवायची मूठ जाऊन बटण दाबायचं हँडल आलं. आमच्या गाडीला त्रिकोणी खिडकी आहे आणि हँडल फिरवायचं आहे. म्हणजे ती १९५१ चीच. कागदावरही तेच होतं, कुणी कधी वाचलंच नव्हतं. यातून दुसरी गोष्ट कळली. ही गाडी दुर्मीळ नाही, लाखोंनी बनली. त्यामुळे तिची किंमत आभाळाला भिडत नाही, पण रबरापासून पत्र्याच्या तुकड्यांपर्यंत तिचे सुटे भाग आजही नवे बनतात.

मग मी ग्लोव्हबॉक्स उघडला.

झाकणाच्या आतल्या बाजूला, रंग न लागलेल्या पत्र्यावर, पेन्सिलीने बारीक आकडे लिहिले होते. एकाखाली एक, तीन रांगा, आजोबांचा तो सरळ, दाबून लिहायचा हात. सुरुवातीला वाटलं हिशेब असेल. मग मीटरकडे बघितलं. तेल बदललं की मीटरचा आकडा ते तिथे लिहून ठेवत. जवळजवळ दर हजार मैलांना एक नोंद. ९७,६००, ९८,६००, ९९,५०० आणि त्याखाली एकदम ६००. मीटर पाच आकडी, लाख झाले की पुन्हा शून्यापासून सुरू. मीटर आज ३८,९०० दाखवत होता. गाडी धावली होती एक लाख अडतीस हजार नऊशे मैल. गिऱ्हाईक दादाला "फक्त अडतीस हजार चाललेली" म्हणत होतं, तो आकडा तिथेच खोटा ठरला. तिसऱ्या रांगेत १२,४०० भोवती गोल होता आणि शेजारी एकच शब्द : बेअरिंग.

त्या शब्दाचा अर्थ मला मिस्त्रींनी सांगितला. हे दोनशे सोळा घनइंचांचं, साधारण साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. यात कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे बदलायचे बेअरिंग नसतात. रॉडच्या तोंडात बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो आणि तो झिजला की मधली पातळ पत्री काढून फट कमी करायची. त्या रॉडना तेल मिळतं तेही तळाच्या पन्हळीत बुडणाऱ्या पळीसारख्या टोकांनी. असल्या इंजिनात तेलाची हयगय झाली की बॅबिट जातो आणि तो नव्याने ओतून देणारे हात आता फार कमी आहेत. आजोबांनी फट वेळेवर साधून घेतली होती आणि पुढेही तेल चुकवलं नव्हतं. मिस्त्री त्या झाकणाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ताई, हे झाकण कुणाला रंगवू देऊ नका. इंजिनाची कुंडली आहे ही."

दादाने बॅटरी आणून ठेवली होती, एकदा स्टार्टर दाबून बघू म्हणून. मिस्त्रींनी ती उचलून बाजूला ठेवली. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. जोराने फिरवलं तर रिंग तुटते, भिंतीवर ओरखडा येतो. आम्ही सहाही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडलं आणि आठ दिवस गाडीला हात लावला नाही. नवव्या दिवशी पुलीला पान्याने जोर दिला. आधी काहीच नाही, मग एकदम लोण्यातून सुरी जावी तशी ती फिरली. मी तिथे रडले, ते लपवायचं कारण नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. पाच सिलिंडरना शंभर ते एकशे आठ पौंड आले, चौथ्याला सत्तर. त्याच भोकात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर रिंगा गेलेल्या. तो तिथेच राहिला, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा. फक्त हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवायचं, खालच्या भागाला हात लावायचा नाही. या एका चमचाभर तेलाने खर्चाचा निम्मा अंदाज बदलला.

पत्र्याने मात्र उलटं केलं. हौद्याच्या फळ्या इतक्या कुजलेल्या होत्या की बघणारा तिथेच मान हलवायचा. पण फळ्या आणि मधल्या लोखंडी पट्ट्या हे या गाडीतलं सगळ्यात सोपं काम, साधा सुतारही करतो. खरी भीती केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांची. ते दिसायला एकदम गुळगुळीत होते. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं तर कोपऱ्याला आलं की ते सुटून पडायचं. आत पत्राच नव्हता, कुणीतरी कधीतरी लांबी (पुट्टी) थापून रंग मारला होता. पायाखालचा पत्रा, केबिन जिथे चासीवर बसते ते आधार, दाराच्या खालच्या कडा, सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं. दोन्ही कोपरे आणि एक आधार गेलेला. चासी मात्र शेवटपर्यंत टणक, रिव्हेटसुद्धा हललेली नाही. चासी सडलेली असती तर मी स्वतः दादाच्या बाजूने मत दिलं असतं.

मग दोन माणसांना बोलावलं. एक विकत घेणारा. तो पाच मिनिटं उभा राहिला, बॉनेट उघडलं नाही. केबिन उचलून आधुनिक चासीवर बसवायची, आत नवं इंजिन टाकायचं, असा त्याचा बेत होता. त्यात वाईट काही नाही, असं करणारे मनापासून करतात. पण मूळ इंजिन भंगारात जाणार होतं आणि ते झाकणही. दुसरा संपूर्ण पुनर्बांधणी करणारा. त्याने प्रामाणिक अंदाज दिला : सगळं खोलून, रंग उतरवून, नव्यासारखी करायला लागणारा खर्च तयार गाडीच्या बाजारभावाच्या दुपटीहून जास्त. धाकटा गप्प झाला. मला वाटतं हा हिशेब प्रत्येकाने आधी कागदावर मांडावा, कारण बहुतेक गाड्या मरतात त्या अर्धवट खोलून पैसे संपल्यावर. सुटे केलेले भाग खोक्यांत जातात, कुठला बोल्ट कुठला ते विसरतं आणि मग ती कुणीच घेत नाही.

रविवारी तिघं शेडमध्येच बसलो. मी म्हटलं, विकणे आणि नवी करणे हे दोनच रस्ते आपण धरून बसलो, पण तिला आहे त्या रंगात, आहे त्या ओरखड्यांसकट सुरक्षित चालती करता येईल. ब्रेक लागण्याची खात्री, आग न लागण्याची खात्री, केबिन जागेवर राहण्याची खात्री. बाकी सगळं नंतर. रंग एकदा उतरवला की मूळचा पुन्हा मिळत नाही, हे मी दोनदा सांगितलं. दादा म्हणाला, "आणि माझ्या वाट्याचं काय?" प्रश्न रास्त होता. आहे त्या अवस्थेत गाडीचा जो भाव निघत होता त्याचा तिसरा हिस्सा धाकट्याने आणि मी मिळून त्याला दिला. तो घेताना त्याने झाकणावरच्या आकड्यांचा फोटो मागून घेतला.

कामाचा क्रम मिस्त्रींनी घालून दिला, ब्रेक आधी. या गाडीत चारही चाकांना ड्रम आणि एकच मास्टर सिलिंडर, तोही पायाखालच्या पत्र्याखाली. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून सगळ्या नळ्या, होज, व्हील सिलिंडर नवे. मग टाकी. ती केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. जुनं पेट्रोल काकवीसारखं घट्ट होऊन बाहेर आलं, त्याचा वास अजून सीटला आहे. वायरिंग सहा व्होल्टचंच ठेवलं. स्टार्टर आळसाने फिरतो म्हणून बारा व्होल्ट करायचा सल्ला बरेच जण देतात, पण आमच्या गाडीत कुणीतरी बारीक केबल घातली होती. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो. जाड केबल आणि घासून चकचकीत केलेली अर्थची जागा, एवढ्याने पायाखालचा स्टार्टर पहिल्या दाबाला उचलतो. हेड उतरवून चौथ्याचा व्हॉल्व्ह बसवून घेतला. कोपरे आणि आधार कापून नवा पत्रा वेल्ड केला.

गेल्या महिन्यापासून ती चालते. सत्तर किलोमीटरच्या वर नेत नाही, तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरला ते मानवत नाही. मागच्या सीलमधून अजून तेल गळतं. दोन्ही कोपरे लाल प्रायमरमध्ये आहेत. तेवढेच हिरवे करू, म्हणतो धाकटा. मी म्हणते पावसाळा जाऊ दे, आधी सील. परवा तेल बदललं तेव्हा मीटर ३९,१०० होता. झाकणावर तिसऱ्या रांगेखाली जागा आहे, पण पेन्सिल दादा आला की त्याच्याच हातात द्यायचं ठरलं आहे.