पुन्हा पुन्हा हाती येणारी पुस्तके

आवडत्या पुस्तकांविषयी कोणी विचारले, की मला नव्यांपेक्षा जुनीच नावे आधी आठवतात आणि त्यांतली बरीचशी बेळगावशी जोडलेली असतात. गावाचा अभिमान त्यात आहेच. पण ज्या लेखकांनी अनुभव मुरू दिला आणि मगच लिहिले, त्यांच्याकडे मी अधिक ओढला जातो, हे खरे कारण.

इंदिरा संत आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा ‘सहवास’ हा एकत्रित कवितासंग्रह १९४० सालचा. १९४६ मध्ये ना. मा. संत गेले आणि ‘शेला’ आला तो १९५१ साली. मधल्या काळात पदरी लहान मुले होती आणि संसाराचा सगळा भार एकटीवर होता. त्या दुःखाने ‘शेला’ आणि ‘मेंदी’तल्या कवितेत कुठेही आक्रोश केलेला नाही, ते पावसात, संध्याकाळच्या उजेडात, घरातल्या साध्या वस्तूंत मिसळून गेले आहे. आमच्याकडे जूनमध्ये पावसाची झड लागली, की मी हे संग्रह काढतो आणि एका बैठकीत दोन-तीन कवितांपुढे जात नाही.

त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवीत. लंपन नावाच्या मुलाच्या काही कथा त्यांनी साठच्या दशकात लिहिल्या, नंतर लेखन दीर्घकाळ थांबले आणि ‘वनवास’ हा संग्रह १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा आपल्या एकटेपणाविषयी क्वचितच बोलतो; तो शाळा, मित्र, झाडे, गाणे यांविषयी भरभरून सांगत राहतो आणि त्या सांगण्याच्या आडून आईची आठवण वाचकापर्यंत पोहोचते. मुलाच्या नजरेतून लिहिताना मोठ्या माणसाचे शहाणपण नकळत वाक्यात शिरते, हे मी स्वतः कथा लिहिताना अनुभवले आहे. म्हणूनच लंपनच्या चारही पुस्तकांभर तो मुलगा मुलगाच राहतो, याचे मला फार अप्रूप वाटते. लंपनची कानडी वळणाची मराठी आमच्या घराघरांत आजही बोलली जाते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांच्या तोंडीही ती आहे आणि तेही मला प्रिय आहेत, तरी लंपन अधिक जवळचा.

वाचनाखेरीज माझे छंद मोजकेच आहेत. सुगीनंतर यळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडाकडे चालत जाणे हा एक. हिवाळ्यात कडोली, उचगाव, यळ्ळूर येथे भरणाऱ्या साहित्य संमेलनांना जाणे हा दुसरा. शेतीची कामे सांभाळून गावकरी ही संमेलने उभी करतात आणि मांडवात आजी-नातवंडे शेजारी बसून कविता ऐकतात, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तिसरा छंद कुमार गंधर्वांचे गाणे ऐकण्याचा. त्यांचा जन्म १९२४ साली आमच्या जवळच्या सुळेभावीचा. क्षयामुळे देवासला काही वर्षे त्यांना गाता आले नाही. त्या काळात त्यांनी माळव्यातली लोकगीते कान देऊन ऐकली आणि पुढे ती त्यांच्या गायकीत उतरली. इंदिरा संत आणि प्रकाश संत यांच्या पुस्तकांशेजारी मी हे गाणे ठेवतो ते याच कारणाने.

ज्यांनी लंपन अजून वाचलेला नाही, त्यांनी ‘वनवास’पासून सुरुवात करावी आणि शक्य असल्यास घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा.