'संपर्क साधतोय' आणि 'संपर्क साधला'

दुबईतल्या एका पीआर एजन्सीची मी जनरल मॅनेजर झाले त्याला आता आठ महिने होतील. सांगलीत आईने पेढे वाटले, इथल्या मंडळातल्या लोकांनी फोन केले, सगळं झालं. पण ज्या रात्रीमुळे ही खुर्ची मिळाली त्या रात्रीबद्दल मी कुणाला नीट सांगितलेलंच नाहीये, आणि ती डोक्यातून जात पण नाही, म्हणून लिहितेय.

2008 ला मी इथे अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणून आले. पुढच्याच वर्षी मंदीत आमचं अर्धं ऑफिस रिकामं झालं, आणि इथे नोकरी गेली की व्हिसा पण जातो, त्यामुळे त्या वर्षी सकाळी लॅपटॉप उघडताना काय वाटायचं ते नकोच आठवायला. मग सीनियर, मॅनेजर, अकाउंट डायरेक्टर. एक गोष्ट स्पष्टच लिहिते, आमच्या धंद्यात पगार पासपोर्ट बघून ठरतो. माझ्याइतक्याच कामाचे ब्रिटिश मुलाला किती मिळायचे ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. इंडियन माणूस म्हणजे राबणारा, क्लायंटसमोर बसवायला दुसरा कोणीतरी.

लोकांना वाटतं पीआर म्हणजे गोड बोलणं आणि पेपरात फोटो आणणं. त्यात आमच्याच लोकांची चूक आहे. 2010 मध्ये बार्सिलोनात धंद्यातल्या मोठ्या संघटनांनी मिळून ठरवलं की बातमीची किंमत जाहिरातीच्या रेटने, म्हणजे तेवढ्याच जागेच्या जाहिरातीला किती पैसे पडले असते त्यावरून, मोजायची नाही, तरी आजही महिनाअखेरीला क्लायंट विचारतो की किती दिरहमचं कव्हरेज झालं, आणि एजन्सीवाले निमूट एक्सेलमध्ये आकडा भरून देतात. मला या आकड्याची मनापासून चीड आहे.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. इथे प्रत्येक प्रेस रिलीज दोन भाषांत जातं. ड्राफ्ट इंग्लिशमध्ये होतो, वीस मेल त्याच्यावरच होतात, एकेका स्वल्पविरामावर भांडणं होतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं 'आता अरबी करून घ्या'. पण क्लायंटचा मालक सही करतो ती बहुतेक वेळा अरबीवर, आणि अरबी पेपर ते जवळपास जसंच्या तसं छापतात. म्हणजे खरं रिलीज अरबीच. तरी अरबी एडिटरला मीटिंगला बोलवत नाहीत, संध्याकाळी पाचला फाइल पाठवतात आणि सहाला मागतात. मी पण वर्षानुवर्षं हेच केलंय.

आमचा एडिटर इजिप्तचा, पन्नाशीचा, आम्ही सगळे त्याला उस्ताझ, म्हणजे गुरुजी, म्हणायचो.

16 एप्रिल 2024, मंगळवार. आदल्या रात्रीपासून पाऊस. दुबईत वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटर पण पडत नाही, आणि त्या 24 तासांत एकट्या विमानतळावर 140 च्या वर पडला. अल ऐनकडे एका ठिकाणी 254 मिलिमीटर, 1949 पासून नोंदी आहेत त्यातला सगळ्यात जास्त. शेख झायेद रोडवर गाड्या तरंगत होत्या. आमचा साहेब लंडनहून येत होता, त्याचं विमान भलतीकडेच वळवलं, फोन बंद. म्हणजे माझ्यावर कोणी नाही, आणि मी घरात, डायनिंग टेबलवर दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन.

क्लायंट होता इमारतींची देखभाल करणारी एक कंपनी. शारजात अल मजाझ भागात त्यांच्या इमारती, बेसमेंट भरलेलं, पंप आणि लिफ्ट बंद, वीज नाही, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं आणि लहान पोरं अडकलेली. पत्रकारांचे मेसेज धडाधड येत होते, निम्मे तर क्लाउड सीडिंगमुळे, म्हणजे ढगांवर फवारणी करून, पाऊस पडला का एवढंच विचारत होते, त्याला मी उत्तर दिलं नाही कारण तो आमचा विषयच नव्हता. (हवामान केंद्राने नंतर सांगितलं की त्या वादळात सीडिंग केलंच नव्हतं.)

मी होल्डिंग स्टेटमेंट, म्हणजे पूर्ण माहिती हाती येईपर्यंत द्यायचं छोटं निवेदन, लिहिलं, चार ओळी. त्यातली महत्त्वाची ओळ अशी, की आम्ही सर्व रहिवाशांशी संपर्क साधत आहोत. 'साधत आहोत' हे मी मुद्दाम लिहिलं होतं, कारण क्लायंटच्या मॅनेजरला खोदून विचारल्यावर कळलं की एका इमारतीत 112 फ्लॅटपैकी जेमतेम चाळीस जणांशी बोलणं झालंय. घाई म्हणून त्यांनी अरबी त्यांच्याच ऑफिसात करून घेतलं, मालकाची सही पण झाली. नऊच्या सुमाराला मला मेल, 'अप्रूव्ह्ड, पाठवा'.

मी पाठवणार होते. बोट बटणावर होतं असं म्हटलं तरी चालेल. फक्त सवय म्हणून उस्ताझला फाइल फॉरवर्ड केली.

तो स्वतः शारजात अंधारात बसलेला, नवव्या मजल्यावर, फोन अकरा टक्क्यांवर. तीन मिनिटांत त्याचा फोन आला. म्हणाला, हे पाठवू नका. तुमच्या इंग्लिशमध्ये 'संपर्क साधतोय' आहे, इथे 'तवासलना' लिहिलंय, म्हणजे साधला, झालं, संपलं. 'नतवासल' पाहिजे. मी म्हटलं फरक किती आहे? म्हणाला, नून, म्हणजे अरबीतला 'न', शब्दाच्या पुढे आहे का मागे आहे, एवढाच.

मला दिसत नव्हता. मी झूम करून त्या ओळीकडे बघत होते आणि मला ते नून दिसत नव्हतं. सोळा वर्षं दुबईत राहून.

इथे 2021 चा अफवा आणि सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे, खोटी माहिती पसरवली तर दंड आणि तुरुंग दोन्ही. पण खरं सांगते, त्या क्षणी कायदा नाही आठवला, ऑगस्ट 2019 आठवला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, तेव्हा पाणी 57 च्या वर गेलेलं. आई गच्चीवर, फोन लागत नाही, आणि मी इथून जिथे फोन करीन तिथून एकच उत्तर, सगळ्यांशी संपर्क झालाय, काळजी करू नका. दोन दिवस. कुणाशी झाला होता संपर्क? माझ्या आईशी तर नव्हता झाला.

मालकाला फोन लावला. तो चिडला, अर्थ एकच आहे म्हणाला, सही झालेला कागद परत कशाला. मग मी त्याला आईचं सांगितलं. क्लायंटला मी कधी घरचं सांगत नाही, त्या रात्री सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बदला. उस्ताझने पाच टक्के चार्जिंगवर दुरुस्त ओळ पाठवली, सव्वाअकराला स्टेटमेंट गेलं.

दोन दिवसांनी एका पेपरात त्याच इमारतीतल्या एका कुटुंबाची बातमी, आम्हाला कुणाचाच फोन आला नाही म्हणून. शेजारी आमची ओळ छापलेली, 'संपर्क साधत आहोत'. ती टिकली. दुसरी गेली असती तर क्लायंट खोटा ठरला असता आणि त्याच्याबरोबर आम्ही. त्याच आठवड्यात एमिरेट्स विमान कंपनीचे प्रमुख सर टिम क्लार्क यांचं खुलं पत्र आलं, जवळपास 400 फ्लाइट्स रद्द, 30,000 च्या आसपास बॅगा राहिलेल्या, आणि आम्ही कमी पडलो हे सरळ कबूल केलेलं. ते मी टीमला वाचून दाखवलं. आकडे द्यायचे, माफी मागायची, खोटं लिहायचं नाही, हे असं करतात.

साहेब जानेवारीत इंग्लंडला परत गेला आणि मला जनरल मॅनेजर केलं. घोषणेच्या मेलमध्ये 'एप्रिलमधल्या त्या रात्रीचं नेतृत्व' असे शब्द होते. उस्ताझचं नाव नव्हतं. मी आमच्या एजन्सीच्या मालकांशी भांडले, त्याला अरबी विभागाचा हेड करा म्हटलं. पद दिलं, पगार नाही वाढवला, बजेट नाही म्हणाले. माझा वाढवायला होतं. मी तेव्हा अजून ताणायला पाहिजे होतं, माझी सही व्हायच्या आधी, जेव्हा त्यांना माझी गरज होती. तीन महिन्यांत त्याला रियाधहून ऑफर आली, तिकडे सध्या एजन्स्या धडाधड ऑफिसं उघडताहेत, तो गेला. शेवटच्या दिवशी त्याच्या जेवणाला आम्ही सहा जण होतो, पन्नासातले सहा.

आता अरबी एडिटर पहिल्या मीटिंगपासून बसतो, हा नियम मी केलाय. शिवाय सोमवार-बुधवार संध्याकाळी मी अरबी शिकायला जाते. वाचायला खूप वेळ लागतो, ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, क्रियापदावर अडते.

परवा असंच अडले म्हणून रात्री दहाला उस्ताझला ओळीचा फोटो पाठवला. त्याने क्रियापद सोडवून दिलं, आणि खाली विचारलं, तुमच्याकडे पावसाळा चालू असेल ना, आईच्या त्या पुलापाशी पाणी किती फूट आहे?