हँडलवरचा फोन : पाच दिवस, १,४३० किलोमीटर

पाच दिवसांत १,४३० किलोमीटर झाले. सपाट महामार्ग, दोन मोठे घाट, साधारण ४० किलोमीटर खडीचा कच्चा रस्ता आणि शेवटच्या दिवशी सलग पाऊस, सगळं वाट्याला आलं. दोन मोटारसायकली, आम्ही दोघं मित्र. वाट दाखवायचं काम माझ्या हँडलवरच्या फोनकडे होतं. हा फोन दुसऱ्या दिवशी होल्डरमधून निसटला आणि एका दोरीमुळे वाचला. मग त्याची बांधणी नव्याने करावी लागली. फोन लावून लांब निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे. त्यामुळे रस्त्याचं वर्णन थोडं आहे आणि बांधणीचं जास्त.

निघताना माझ्याकडे चार हातांचा होल्डर होता. फुलीसारखा आकार, मागे स्प्रिंग, चारही टोकांना रबरी टोप्या. वर्षभर रोजच्या ये-जा करण्यात तो कधी हलला नव्हता, म्हणून भरवसा बसला होता. पण रोजचा अर्धा तास आणि सलग आठ तास यांत फार फरक पडतो. पहिल्या दिवशी महामार्गावर ३८० किलोमीटर झाले, तेव्हा संध्याकाळी फोन खाली मान घालून बसल्यासारखा झुकलेला दिसला. होल्डर हव्या त्या कोनात फिरवता यावा म्हणून त्यामागे जो गोळ्याचा सांधा असतो, तो ढिला झाला होता. मी तो हातानेच आवळला आणि झोपलो. तिथेच थांबून सगळे सांधे बघायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून सपाटीला लागलो. गाडी ६० च्या आसपास होती. पुढे रंबलरच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या, चाकाखाली खडखड झाली आणि नकाशा नजरेसमोरून गेला. फोन टाकीवर आपटला आणि दोरीला लोंबकळत राहिला. अशा वेळी हात आपोआप खाली जायला बघतो. तो जाऊ देऊ नका. फोन गेला तर गेला. दोन्ही हात हँडलवर ठेवा, वेग उतरवा, कडेला थांबा, मग काय झालं ते बघा. मी तेवढं केलं. फोनची एक कड खरचटली, काच शाबूत राहिली.

थांबल्यावर होल्डर नीट निरखला. खालच्या दोन टोप्या फोनच्या कडेला घासून घासून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. बोट फिरवलं तर काळी भुकटी लागली. एक टोपी तर आपल्या खुंटावर अर्धी फिरलेली होती. म्हणजे फोन एका क्षणात निसटला नव्हता. दोन दिवस तो कणाकणाने सरकत होता आणि रंबलरने फक्त शेवटचा धक्का दिला.

इथेच माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म आहे. काखेत धरलेली पिशवी आणि खुंटीला अडकवलेली पिशवी यांत जो फरक, तोच या होल्डरांमध्ये आहे. स्प्रिंगचा होल्डर फोनला दाबून, घर्षणावर धरतो. सतत कंप होत असेल तर घर्षणाची पकड कमी होत जाते, ओल्या रबराची तर आणखी लवकर. उलट ज्या होल्डरमध्ये फोनच्या कव्हरच्या पाठीवरची खाच होल्डरच्या दातांत बसते आणि पाव फेरा फिरवून कुलूप लागतं, तिथे फोन जोरावर धरलेला नसतो. कुलूप उघडल्याशिवाय तो बाहेर येऊच शकत नाही. लांबच्या प्रवासाला असाच होल्डर घ्या. नुसत्या चुंबकावर तर मोटारसायकलवर अजिबात विसंबू नका.

तिसरा दिवस मुक्कामाचा होता, तो कामी आला. मित्राकडे असा फिरवून बसवायचा होल्डर जास्तीचा होता, आणि त्यासोबत कव्हरच्या पाठीला चिकटवायची गोल चकती. ती चिकटवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे कव्हर सिलिकॉनचं असेल तर चकती टिकत नाही, पाठ कडक प्लास्टिकची हवी. दुसरी गोष्ट वेळेची. अशा चकतीला असते तशी दोन्हीकडून चिकटणारी पट्टी, म्हणजे ३एम कंपनीची व्हीएचबी धरली, तर तिला खोलीच्या तापमानात २० मिनिटांत साधारण निम्मी ताकद येते, २४ तासांत नव्वद टक्के आणि ७२ तासांनी पूर्ण. लोक चिकटवतात आणि लगेच निघतात, मग पट्टीला नावं ठेवतात. आम्ही आदल्या रात्रीच पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चकती बसवली, अंगठ्याने मिनिटभर दाबली आणि चौथ्या दिवशी सकाळपर्यंत तिला हात लावला नाही. जमल्यास त्या फोनसाठीच बनलेलं, खाच असलेलं अखंड कव्हर घ्या. मग चिकटवण्याची भानगडच नको.

आता हँडलकडचा सांधा. बहुतेक हँडल पकडीच्या जागी २२ मिलिमीटर जाडीची असतात, पण बऱ्याच मोठ्या गाड्यांच्या हँडलचा मधला भाग २८.६ मिलिमीटर असतो आणि बाजूंना निमुळता होत जातो. निमुळत्या भागावर क्लॅम्प कधीच लावू नका, तो बारीक बाजूकडे सरकत राहतो. क्लॅम्पखाली सोबत आलेली रबराची पट्टी घाला, स्क्रू दोन्हीकडून आलटून पालटून थोडे थोडे आवळा. त्यांच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू कंपाने सुटू नये म्हणून लावायचा गोंद, लावा. लाल लावू नका, ते पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि जागा शक्यतो मध्याजवळची घ्या, कारण हँडलच्या टोकांकडे कंप वाढत जातो. ज्या गाडीला सरळ हँडल नाही, दोन तुकड्यांचं क्लिप-ऑन आहे, तिथे स्टिअरिंगच्या मधल्या दांड्याच्या भोकात बसणारा माउंट (होल्डर गाडीला धरून ठेवणारी जोडणी) मिळतो, तो चांगला.

मित्राने एक युक्ती दाखवली. प्रत्येक स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढायची. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग प्रत्येक थांब्यावर पाना काढायची गरज नाही, नुसती नजर टाकली की कळतं. आम्ही चार ठिकाणी रेघा ओढल्या : हँडलचा क्लॅम्प, त्यावरचा गोळा, गोळा आणि होल्डर जोडणाऱ्या दांड्याचा मधला स्क्रू आणि होल्डरची पाठ.

सगळं आवळून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. ब्रेकची नळी, क्लचची केबल किंवा चार्जरची वायर कुठे ताणली जात नाही ना, फोन टाकीला लागत नाही ना, मीटर, किल्ली आणि इंडिकेटरचे दिवे झाकले जात नाहीत ना. उभं राहून गाडी चालवणाऱ्यांनी उभं राहूनही बघावं.

दोरीबद्दल आग्रहाने सांगतो. ती फोनच्या कव्हरला बांधलेली हवी, होल्डरला नाही. अख्खा माउंट निखळला तर होल्डरला बांधलेली दोरी काय कामाची? दुसरं टोक हँडलच्या दांड्याला बांधा, केबलला नको. लांबी एवढीच ठेवा की लोंबकळला तरी फोन चाकापर्यंत पोचू नये. माझी वीतभर होती.

फोन पडला नाही म्हणजे तो वाचला असंही नाही. मित्राचा आधीचा फोन कधी पडला नव्हता, पण त्याचा कॅमेरा गेला. कॅमेरा उघडला की चित्र पाण्यावर तरंगल्यासारखं हलायचं, आणि फोन कानाशी धरला तर आतून बारीक गुणगुण ऐकू यायची. त्याची गाडी मोठ्या सिंगल सिलिंडरची आहे. ज्या कॅमेऱ्यांत ओआयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असतं त्यांचं भिंग किंवा सेन्सर आत तरंगता असतो. हाताचा कंप जायरोस्कोपने ओळखायचा आणि चुंबकांच्या जोरावर तो तरंगता भाग उलट दिशेने हलवायचा, अशी ती रचना. हाताचा कंप सेकंदाला दहा-बारा वेळा होतो. ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांना, इंजिन सेकंदाला १०० फेरे घेतं, आणि ते हादरे हँडलमधून थेट फोनमध्ये जातात. तासन्‌तास हे चाललं तर त्या नाजूक भागांचं काय होणार? अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये अधिकृतपणे सांगितलं की, जास्त ताकदीच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलला आयफोन जोडू नये, आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच असेल तर कंप शोषणारा माउंट वापरावा. हा धोका एका कंपनीच्या फोनपुरता नाही, ओआयएस असलेल्या कुठल्याही फोनला तो आहे.

म्हणून होल्डर आणि दांडा यांच्यामध्ये डॅम्पर, म्हणजे कंप शोषणारा तुकडा, हवाच. त्यात सिलिकॉनची बोंडं असतात, त्यांवर फोन किंचित तरंगतो. खडीवर त्यामुळे फोन थोडा जास्त डुलताना दिसतो, त्याने घाबरू नका. तपासायची माझी पद्धत साधी आहे : गाडी उभी ठेवून आरपीएम हळूहळू वाढवायचे आणि नकाशावरची सगळ्यात बारीक अक्षरं वाचायची. डॅम्पर नसताना माझ्या गाडीवर ४,५०० च्या पुढे अक्षरं दुहेरी दिसत होती, डॅम्पर लावल्यावर ती वाचता येऊ लागली.

तरीही सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे हँडलवर जुना फोन लावणे. त्यात नकाशे आधीच उतरवून ठेवायचे आणि रोजचा फोन अंगावरच्या जॅकेटच्या खिशात ठेवायचा. यामागे कॅमेऱ्यापेक्षा मोठं कारण आहे. गाडी घसरली तर ती कधी कधी माणसापासून बरीच लांब जाऊन पडते. मदतीला बोलवायचा फोन त्या गाडीवर असून चालणार नाही.

चौथ्या दिवशी ऊन कडक होतं. नवी बांधणी खडीच्या रस्त्यावरही जागची हलली नाही, त्रास झाला तो उष्णतेचा. चालत्या गाडीवर वारा लागतो तोवर ठीक होतं. एका फाटकापाशी दहा मिनिटं उभं राहावं लागलं आणि फोनने आधी स्क्रीन मंद केला, मग चार्जिंग थांबवलं. आयफोन वापरायला ठरवलेली भोवतालच्या तापमानाची मर्यादाच ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि उन्हात काळी काच त्याच्या कितीतरी पुढे जाते. चार्जिंग, जीपीएस आणि पूर्ण उजेडातला स्क्रीन एकत्र आले की भर पडते. वायरलेस चार्जिंग तर उन्हात टाळाच. थांबा घेतला की फोन आधी काढून सावलीत ठेवायचा, ही सवय मी तिथून लावून घेतली.

चार्जरची वायर किल्ली बंद केल्यावर वीज बंद होणाऱ्या जोडणीतून घ्या, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. फोनकडे येणारी वायर खाली एक झोका देऊन वर आणा, म्हणजे पाणी त्या झोक्यावरून गळून जातं.

पाचव्या दिवशी पावसात हे सगळं कमी पडलं. थेंब पडले की स्क्रीन आपोआप दाबला जायचा, नकाशा भलतीकडे सरकायचा, आणि चार्जिंगच्या खाचेत ओलावा असल्याची सूचना आली. ओल्या खाचेत वीज सोडली तर आतल्या पट्ट्या गंजतात, म्हणून वायर काढली. थोड्या वेळाने फोनही काढून आत ठेवला, कानात नकाशाचा आवाज सुरू केला आणि उरलेले ११० किलोमीटर तसेच केले. खरं तर कोरड्या हवेतही आवाजावर जास्त भर द्यावा. ८० च्या वेगात एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, आणि नकाशा वाचायला एक सेकंद पुरत नाही.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन चारही रेघा तपासल्या. क्लॅम्प, दांडा आणि होल्डरच्या पाठीवरची रेघ जशीच्या तशी होती. गोळ्याजवळची मात्र नखाच्या जाडीएवढी सरकली होती. तो सांधा उघडला तेव्हा गोळ्यावरच्या रबराला एका बाजूला चकाकी आलेली दिसली, अगदी जुन्या होल्डरच्या टोप्यांना आली होती तशीच. पुढच्या वेळी निघण्याआधी तो गोळा बदलायचा आहे.